बायकांचं टेबल वेगळं कशाला?

परवा लंचला आमच्या टीममधल्या एकाने प्रश्न टाकला. धावण्यात बायकांची स्पर्धा वेगळी, समजलं. कुस्तीत वेगळी, तेही समजलं. पण पूलमध्ये? बॉल जेमतेम पावणेदोनशे ग्रॅमचा, क्यू हलकी, पळायचं नाही, उडी मारायची नाही, समोरच्याला हातसुद्धा लावायचा नाही. मग तिथे बायकांची वेगळी टूर कशाला?

प्रश्न फालतू नाही, आणि विचारणारा कुत्सितपणे विचारत नव्हता. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की वेगळी स्पर्धा फक्त ताकदीतला फरक भरून काढायलाच असते. मला ते पटत नाही. का पटत नाही हे सांगायला लंच ब्रेक पुरला नाही, म्हणून हा शनिवार कारणी लावतोय.

आधी ताकदीचा विषय उरकून टाकू. अमेरिकन प्रो पूलमध्ये सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे नाइन-बॉल. एक ते नऊ नंबरचे बॉल, प्रत्येक शॉटला पांढरा बॉल टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबराला आधी लागला पाहिजे, आणि नियमात राहून नऊ नंबर पॉकेटात गेला की तो रॅक तुमचा. यातला पहिला फटका म्हणजे ब्रेक. तिथे ताकदीचा फायदा होतो हे मान्य. जोरात आणि अचूक फुटलेला रॅक म्हणजे अर्धं काम झालेलं. लांब हातांचाही थोडा फायदा होतो. पण ब्रेकनंतर जे उरतं ते सगळं नजर, हात आणि डोकं. हा बॉल घालताना पांढरा कुठे थांबला पाहिजे, म्हणजे पुढचा सोपा पडेल आणि त्याच्या पुढच्यालाही वाट राहील. कोड लिहिताना आपण दोन फंक्शन पुढचा विचार करतो, तसलंच हे. आणि ही गोष्ट येते फक्त एकाच मार्गाने, टेबलावर तास घालवून. हजारो तास.

म्हणजे खरा प्रश्न असा आहे की हे तास कोणाला मिळतात?

पूल शिकायची जागा म्हणजे पूल हॉल. अमेरिकेत काय किंवा आपल्याकडे काय, ही जागा पुरुषांची. सिगारेटचा धूर, पैज, शिव्या, रात्री उशिरापर्यंतची वर्दळ. सोळा वर्षांचा मुलगा तिथे रोज गेला तर घरचे फार तर 'वाया चाललाय' म्हणतात. मुलगी गेली तर काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी या खेळातल्या जुन्या बायकांची चरित्रं जरा खोदून बघितली, की यांना तास मिळाले कुठून. उत्तर गमतीदार आहे. बहुतेक ठिकाणी घरातल्याच कोणाचं तरी टेबल होतं.

मासाको कात्सुरा घ्या. जन्म १९१३, जपान. बहिणीच्या नवऱ्याचा बिलियर्ड्स पार्लर होता, तिथे ती शिकली. तिचा खेळ थ्री-कुशन, म्हणजे पॉकेट नसलेल्या टेबलावरचा. पुढे अमेरिकन सैनिकाशी लग्न करून ती अमेरिकेत गेली आणि १९५२ साली सॅन फ्रान्सिस्कोला थ्री-कुशनच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या बरोबरीने उतरली. जगज्जेतेपदासाठी खेळणारी ती पहिली बाई. दहा जणांत सातवी आली. विली हॉपीसारखा दादा माणूस त्या स्पर्धेत होता, आणि जिंकलाही तोच. सातवी म्हणजे काय मोठं, असं वाटत असेल, तर तिच्याही खाली जे तीन पुरुष आले त्यांचा विचार करा :)

मग जीन बालुकस. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात दुखरी गोष्ट हिची आहे.

जीन १९५९ साली ब्रुकलिनमध्ये जन्मली. वडील पूल हॉल चालवायचे. चार वर्षांची असल्यापासून क्यू हातात. १९६९ च्या यूएस ओपनमध्ये ती बायकांच्या गटात उतरली तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांची होती, आणि पाचवी आली. त्याआधी १९६७ पासून ती स्पर्धा डोरोथी वाइज नावाच्या बाई दरवर्षी जिंकत होत्या, सलग पाच वर्षं. १९७२ साली जीन जिंकली. आणि मग १९७८ पर्यंत तीच जिंकत राहिली, सलग सात वेळा. पहिलं टायटल मिळालं तेव्हा तिचं वय तेरा. आपण त्या वयात सायकलची चेन बसवायला शिकत होतो.

१९८५ मध्ये बिलियर्ड काँग्रेस ऑफ अमेरिकाने तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. वय पंचविशीच्या जरासं पुढे. म्हणजे ज्या वयात आपल्याला 'सीनिअर' हे बिरूद मिळतं न मिळतं, त्या वयात तिची तसबीर भिंतीवर लागली होती.

आता अडचण बघा. बायकांत तिला टक्कर देणारं फारसं कोणी उरलं नव्हतं. म्हणून ती पुरुषांच्या स्पर्धांतही खेळायला लागली आणि तिथे चांगल्या चांगल्यांना हरवायलाही लागली. त्यावर कुरकुर सुरू झाली. ही दोन्हीकडे खेळते, आम्हाला मात्र बायकांच्यात खेळता येत नाही, हा कुठला न्याय, वगैरे. बायकांच्या संघटनेशीही तिचं फाटत गेलं. शेवटी एका सामन्यातल्या वर्तनावरून संघटनेने दंड ठोठावला, तिने तो भरायला नकार दिला, आणि १९८८ मध्ये स्पर्धा सोडली ती कायमची. तिशीही गाठली नव्हती तिने. नंतर घरचा पूल हॉल सांभाळला.

दंडाच्या बाबतीत चूक कोणाची होती हा वाद मला घालायचाच नाही. मला दिसतं ते असं, की वीस वर्षं टेबलावर घालवलेल्या एका खेळाडूसाठी एका बाजूला खोली फार लहान होती आणि दुसऱ्या बाजूच्या खोलीत तिला बसायला खुर्ची नव्हती. 'वेगळी स्पर्धा कशाला, सगळे एकत्रच खेळा की' असं जे म्हणतात, त्यांनी जीनचं काय झालं ते आधी बघावं. ती एकत्र खेळायला गेली होती. आणि एकटी गेली होती.

बायकांची ती संघटना म्हणजे डब्ल्यूपीबीए, १९७६ साली सुरू झालेली. बरीच वर्षं बायकांची स्पर्धा म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेचं शेपूट असायची. तारखा त्यांच्या, टेबलं त्यांची, उरलेसुरले पैसे यांचे. १९९३ मध्ये बायकांनी ठरवलं की बास, आपण आपली टूर काढू. 'क्लासिक टूर' असं तिचं नाव. आणि तो निर्णय चालला! ईएसपीएनवर बायकांचे सामने दिसायला लागले, आणि नव्वदच्या दशकात अमेरिकन टीव्हीवर पूल लागलं म्हणजे बऱ्याचदा बायकांचंच असायचं. पुरुषांची टूर त्याच काळात भांडणं आणि बुडीत आश्वासनं यांत अडकली होती. लोकांना वाटतं की बायकांना वेगळं काढून सवलत दिली. इथे उलटं झालं होतं. बायका स्वतःहून बाहेर पडल्या आणि जास्त बऱ्या चालल्या.

याचा परिणाम बघायचा तर ॲलिसन फिशर बघा. इंग्लंडची. स्नूकरमध्ये सात वेळा बायकांची जगज्जेती, पहिल्यांदा १९८५ मध्ये. पण इंग्लंडमध्ये बायकांच्या स्नूकरमध्ये पैसा नव्हता. सात टायटलं नावावर असलेली बाई १९९५ मध्ये बॅग भरून अमेरिकेला गेली, वेगळ्या खेळात, वेगळ्या टेबलावर. स्नूकरचं टेबल बारा फुटी, पॉकेटं अरुंद. त्यावर घासून तयार झालेल्या हाताला नऊ फुटी पूल टेबल म्हणजे काय वाटलं असेल? १९९६, १९९७, १९९८, मग २००१, अशी चार वेळा ती नाइन-बॉलची जगज्जेती झाली. तिच्या मागोमाग उत्तर आयर्लंडची कॅरन कॉर आली, तीही स्नूकरची जगज्जेती. काही वर्षांनी केली फिशर. तिची गोष्ट तर आपल्या आयटीतल्या ले-ऑफसारखी आहे. २००३ च्या सुमारास बायकांच्या स्नूकरचा आर्थिक आधारच काढून घेतला गेला, म्हणजे पाच वेळा जगज्जेती झालेल्या बाईचा प्रोजेक्टच बंद. तिने 'स्किल' बदललं, पूलमध्ये आली, आणि २०१२ मध्ये नाइन-बॉलचं जगज्जेतेपद घेतलं.

तिघीही तिथेच का गेल्या? कारण तिथे महिन्याचा खर्च निघत होता. दिवसाचे आठ तास टेबलावर घालवायचे तर ते आठ तास दुसरी नोकरी करून चालत नाही. टूर म्हणजे कपाटातल्या ट्रॉफ्या नव्हेत, टूर म्हणजे हे आठ तास विकत घ्यायची सोय. ज्यांच्या वडिलांचा पूल हॉल नाही, त्यांच्यासाठी एवढी एकच सोय.

आता 'ब्लॅक विडो'कडे येतो, कारण पूलमधली एकच बाई तुम्हाला माहीत असेल तर ती हीच असेल. जीनेट ली. कोरियन वंशाची, जन्म १९७१, हीसुद्धा ब्रुकलिनची. तेराव्या वर्षी पाठीच्या कण्याचं ऑपरेशन, आत स्टीलचे रॉड. वडिलांचा पूल हॉल वगैरे काही नाही. अठराव्या वर्षी मॅनहॅटनमधल्या एका पूल हॉलमध्ये शिरली आणि तिथलीच झाली. नियमाला अपवाद म्हणतात तो हा. चारेक वर्षांत प्रो, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जगात पहिला नंबर. अंगभर काळे कपडे, लांब काळे केस, वाकून निशाणा धरला की समोरचीला घाम फुटेल अशी नजर. टीव्हीला अजून काय पाहिजे?

इथे नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. टायटलं फिशरची जास्त, नाव मात्र लीचं. दिसण्यावर विकली गेली, असा साधारण सूर. मला हा सूर अर्धाच पटतो. चॅनेलने तिला ज्या तऱ्हेने दाखवलं त्यात खेळापेक्षा कपडे जास्त होते, हे खरं. पण ली हे सगळं डोळे उघडे ठेवून करत होती. कोणीतरी टीव्ही चालू ठेवायला भाग पाडलं पाहिजे, तरच बाकीच्यांचे चेक वटतील, एवढा साधा हिशोब आहे तो. आणि २००१ साली जपानमध्ये अकिता इथे झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये नाइन-बॉलचं सुवर्णपदक काही काळ्या कपड्यांना मिळालं नव्हतं. रॉड घातलेल्या पाठीने वाकून वाकून खेळण्याची किंमतही तिने मोजली, ऑपरेशनं चालूच राहिली. २०२१ मध्ये चौथ्या स्टेजचा ओव्हरीचा कॅन्सर निघाला. २०२२ मध्ये ईएसपीएननेच तिच्यावर डॉक्युमेंटरी काढली. जरूर बघा.

पण या सगळ्या डोलाऱ्यात एक 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' होता, आणि तो तुम्हाला एव्हाना दिसला असेल. एकच चॅनेल. २००८ ची मंदी आली, स्पॉन्सर आटले, टीव्हीवरचे तास कमी झाले, आणि वर्षाला अर्धा डझन वा जास्त मोठ्या स्पर्धा घेणारी टूर पुढच्या काही वर्षांत एखाद-दोन स्पर्धांवर येऊन ठेपली. त्याही बऱ्याचदा कुठल्यातरी कसिनोच्या हॉलमध्ये. खेळाडूंचा हात बिघडला नव्हता. हात तोच, टेबल तेच, फक्त ते आठ तास विकत घेणारं कोणी उरलं नाही. संघटना टिकून राहिली, पण नव्वदचे दिवस काही परत आले नाहीत.

याच्या उलट कोरिया. तिथे २०१९ मध्ये थ्री-कुशनची प्रो टूर सुरू झाली, पीबीए, आणि त्याच दिवसापासून बायकांची एलपीबीए. तिथे स्पॉन्सर म्हणून बँका, क्रेडिट कार्ड कंपन्या, गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपन्या. किम गा-यंग ही नाइन-बॉलची माजी जगज्जेती, डब्ल्यूपीबीएवर वर्षानुवर्षं खेळलेली. ती मायदेशी परत जाऊन थ्री-कुशन खेळायला लागली आणि तिथेही एकामागून एक टायटलं घ्यायला लागली. २०२० पासून त्यांनी टीम लीग काढली. एका टीममध्ये पुरुष आणि बायका दोन्ही, बायकांचे सामने वेगळे, मिक्स्ड डबल्स पण, आणि सगळ्यांचे गुण टीमच्या एकाच खात्यात. म्हणजे तुमच्या टीमची बाई हरली तर तुम्ही हरलात. एवढ्या एका नियमाने सरावाच्या टेबलावर काय फरक पडत असेल याची कल्पना करा. (बक्षिसात मात्र तिथेही पुरुषांचा आकडा दुपटीहून मोठा आहे. असो.)

त्याच टूरवर स्रोंग पिआवी खेळते. मूळची कंबोडियाची, गरीब शेतकरी घरातली. २०१० मध्ये लग्न करून कोरियात आली, नवरा वयाने बराच मोठा. नव्या देशात एकटी पडलेल्या बायकोला विरंगुळा म्हणून नवरा एक दिवस बिलियर्ड्स हॉलमध्ये घेऊन गेला. तिचा हात बघितला आणि म्हणाला, तू खेळ. २०१८ मध्ये ती बायकांच्या थ्री-कुशन जागतिक स्पर्धेत तिसरी आली. परत तेच बघा! कात्सुराला मेहुणा, बालुकसला वडील, पिआवीला नवरा. कोणीतरी दार उघडून दिलं. ज्यांना कोणी दार उघडून दिलं नाही, त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

आपल्याकडचं बोलायचं तर क्यू स्पोर्ट्सशी आपलं नातं जुनं आहे. भारताला कुठल्याही खेळातलं पहिलं वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवून दिलं ते १९५८ साली बिलियर्ड्समध्ये, विल्सन जोन्स यांनी. आणि ते जन्माने पुण्याचे, हे पुणेकरांनासुद्धा सांगावं लागतं. बायकांत विद्या पिल्लै २०१७ मध्ये सिंगापूरला बायकांच्या स्नूकर जगज्जेतेपदाची फायनल हाँगकाँगच्या एंग ऑन-यीकडून ६-५ अशी, शेवटच्या फ्रेममध्ये हरली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दोह्याला अनुपमा रामचंद्रनने त्याच एंग ऑन-यीला हरवून आयबीएसएफचं स्नूकर टायटल आणलं. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दिवशी काय फिरत होतं ते आठवून बघा.

आमच्या ऑफिसात कॅन्टीनच्या बाजूला एक पूल टेबल आहे. तुमच्याही असेल. संध्याकाळी सहानंतर तिथे कायम सात-आठ जण उभे असतात, क्यूवर हनुवटी टेकवून. मागच्या वर्षी स्पर्धा झाली तेव्हा चाळीसेक नावांत मुली दोन. एचआरने निष्कर्ष काढला की मुलींना इंटरेस्ट नाही. आमच्या टेस्टिंग टीममधल्या एकीला मी विचारलं, तर ती म्हणाली की हरायचं तिला काहीच वाटत नाही, पण आठ जण बघत असताना पहिल्यांदा क्यू धरायची तिची इच्छा नाही. मग काही दिवस त्या तिघी-चौघींनी सकाळी आठ वाजता येऊन खेळायला सुरुवात केली, कोणी नसताना. म्हणजे ज्याला मी इतके परिच्छेद 'वेगळी टूर' म्हणतोय, तिची सर्वात छोटी आवृत्ती. त्यातली एक आता संध्याकाळच्या गर्दीतही खेळते आणि माझा हिशोब तिच्याशी बरोबरीत आहे, तोही कसाबसा.

मग काय, कायम वेगळंच ठेवायचं का? नाही. जीन बालुकसला हवी होती ती दुसरी खोलीही पाहिजेच. ऑस्ट्रियाची यास्मिन ओउशान २००६ मध्ये पुरुषांबरोबर स्ट्रेट पूलच्या जागतिक स्पर्धेत खेळून तिसरी आली. (स्ट्रेट पूलमध्ये नाइन-बॉलसारखा धडाकेबाज ब्रेक नसतो, हे ताकदवाल्यांनी लक्षात घ्यावं.) स्नूकरवाल्यांनी २०२१ पासून एक बरी पद्धत काढली. बायकांच्या टूरवर वरचढ ठरणाऱ्यांना मुख्य प्रो टूरवर दोन वर्षांचं कार्ड. पहिली दोन कार्डं रियान एव्हन्स आणि एंग ऑन-यी यांना मिळाली, २०२२ मध्ये थायलंडच्या मिंक नुचारतला, पुढे चीनच्या बाई युलूला. त्या तिथे बहुतेक सामने हरतात, आणि लगेच कोणीतरी लिहितो की बघा, सांगितलं नव्हतं? अरे पण दोन वर्षं जगातल्या सर्वोत्तम लोकांकडून हरायला मिळणं हीच तर गोष्ट आजवर मिळत नव्हती. ट्रेनी म्हणून लागलेल्या मुलाला आपण पहिल्या रिलीजवरून काढून टाकत नाही.

राहिला पैसा. २०२४ मध्ये न्यूझीलंडला हॅमिल्टन इथे बायकांच्या नाइन-बॉल जगज्जेतेपदाची फायनल झाली. फिलिपीन्सची रुबिलेन अमित, वय ४२, समोर चीनची चेन सिमिंग. अमितने पहिला सेट गमावला आणि पुढचे तिन्ही घेतले. बक्षीस ५० हजार डॉलर. त्याच वर्षी जेद्दाला फेडोर गोर्स्टने पुरुषांचं, म्हणजे कागदोपत्री सगळ्यांना खुलं असलेलं, जगज्जेतेपद जिंकलं. त्याला अडीच लाख डॉलर. प्रेक्षकच कमी तर पैसा कुठून येणार, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे की १९९३ नंतरची ती दहा-पंधरा वर्षं बघा. सामने टीव्हीवर दाखवले तेव्हा लोकांनी बघितले होते.

नव्वदच्या दशकातल्या फिशर विरुद्ध ली अशा मॅचेस यूट्यूबवर पडलेल्या आहेत. पिक्चर क्वालिटी बेकार आहे, कॉमेंट्री जुन्या वळणाची आहे. पण फिशर पांढरा बॉल तीन कुशनांवरून फिरवून हव्या त्या वीतभर जागेत आणून थांबवते, तेवढं बघाच. रविवारी दुपारी चहा घेऊन बसा.